ऑपरेशनसाठी रक्त: फ्रिजमधली पिशवी, स्वतःचं रक्त की गोठवलेलं?

ऑपरेशनची तारीख मिळाली की ब्लड बँकेच्या खिडकीवर हमखास प्रश्न येतो: ‘आत्ताच रक्त काढून गोठवून ठेवा ना, ऐनवेळी धावपळ नको.’ गोठवता येतं. पण बहुतेकांना त्याची गरज नसते.

गट ए, बी, एबी किंवा ओ आणि पॉझिटिव्ह असेल, तर फ्रिजमधल्या पिशवीवर निर्धास्त राहा. लाल पेशी २ ते ६ अंशांत ठेवतात. पिशवीतलं रक्त टिकवणारं द्रावण सीपीडीए असेल तर ३५ दिवस, एसएजीएम असेल तर ४२ दिवस टिकतात. हा फ्रिज घरच्यासारखा नसतो. तापमानाची नोंद सतत होते, बिघडलं की अलार्म वाजतो. म्हणूनच पिशव्या आधीच नेऊन वॉर्डातल्या फ्रिजमध्ये, इन्सुलिन आणि नारळपाण्याशेजारी ठेवायच्या नसतात. बर्फाच्या कप्प्याला टेकलेली पिशवी बाहेरून चांगली दिसते, पण आत पेशी फुटलेल्या असतात, आणि ते रक्त चढवणं जिवावर बेतू शकतं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून पिशवी आणताना डबा ब्लड बँकेनेच भरून द्यावा. बर्फ पिशवीला थेट लागता कामा नये. पोहोचल्यावर लागेल तेव्हा एकेकच बाहेर काढायची आणि ४ तासांत चढवून संपवायची.

तारीख पक्की आणि हिमोग्लोबिन किमान ११ असेल, तर स्वतःचंच रक्त आधी देऊन ठेवता येतं. शेवटची पिशवी ऑपरेशनच्या निदान ७२ तास आधी, सोबत लोहाच्या गोळ्या. ऐकायला छान वाटतं, पण यात माणूस टेबलावर जातो तोच थोडा कमी हिमोग्लोबिन घेऊन. तारीख पुढे गेली तर पिशवीची मुदत संपू शकते, आणि न वापरलेली पिशवी दुसऱ्याला देत नाहीत. साध्या गटासाठी मी हा खटाटोप सुचवणार नाही.

गोठवणं हे वेगळंच प्रकरण. नुसतं थंड केलं तर बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, म्हणून आधी ग्लिसरॉल हळूहळू मिसळावं लागतं. मग उणे ६५ अंशांच्या खाली ठेवलं की १० वर्षं टिकतं. वापरताना ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायचं आणि ग्लिसरॉल पूर्ण निघेपर्यंत सलाईनने धुवायचं. आधी तीव्र, मग सौम्य. घाईने धुतलं तर पेशी पाणी शोषून फुटतात, नीट धुतलं तरी काही वाया जातातच. नेहमीच्या पद्धतीने धुतलेली पिशवी २४ तासांत वापरावी लागते. यंत्रं महाग, हात सरावलेले लागतात, त्यामुळे जवळच्या कुठल्याही ब्लड बँकेत ही सोय असेल असं धरू नका. प्लाझ्माची गोष्ट निराळी: तो गोठवणं रोजचंच काम, आणि प्लेटलेट तर फ्रिजमध्येही जात नाहीत, २२ अंशांच्या आसपास हलत्या ट्रेवर ५ दिवस राहतात.

मग गोठवायचं कुणासाठी? बॉम्बे गटासाठी. १९५२ मध्ये डॉ. भेंडे यांनी मुंबईत नोंदवलेला हा गट. साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो, पण पेशींवर एच अँटिजेन, म्हणजे ओ गटाच्याही पेशींवर असणारी खूण, नसतं, म्हणून शरीर ओ रक्तही परकं मानतं आणि ते चालत नाही, बॉम्बेचंच लागतं. अशा माणसाने ऑपरेशनची वाट न पाहता तब्येत ठीक असताना गोठवण्याबद्दल विचारावं, भावंडांचे गट तपासून घ्यावेत, आणि परळच्या एनआयआयएच (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी) या संस्थेकडच्या दुर्मीळ दात्यांच्या नोंदवहीची चौकशी करावी. तारीख हातात असेल, तर स्वतःचं रक्त फ्रिजमध्ये ठेवणंही इथे मात्र फायद्याचं.

गोठवलेली पिशवी असेल तर सर्जन आणि ब्लड बँक यांचं आदल्या दिवशी फोनवर बोलणं होऊ द्या. भूलतज्ज्ञांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच वितळवायला सांगा, कारण एकदा धुतलेली पिशवी तारीख बदलली म्हणून पुन्हा सहजी गोठवता येत नाही.