कराचीची पिंक बस: गाडी झकास, पण गाड्या मोजक्या

मॉडेल कॉलनी ते मेरीवेदर टॉवर. फक्त बायकांसाठीची पिंक बस कराचीत याच मार्गावर 1 फेब्रुवारी 2023 ला सुरू झाली. तेव्हा गाड्या आठ, तिकीट 50 पाकिस्तानी रुपये. गर्दीच्या वेळी दर वीस मिनिटांनी बस, एरवी तासाला एक, असं वेळापत्रक जाहीर झालं होतं.

मार्ग अचूक निवडलाय. मलीर भागातून निघून शाहरा-ए-फैसल या मुख्य रस्त्यावरून गाडी आय. आय. चुंद्रीगर रोडला लागते. बँकांची मुख्यालयं याच रस्त्यावर, त्यामुळे कारकुनी, अकाउंट्स, बँकिंग करणाऱ्या मुलींना हीच गाडी हवी होती. गाडी एसी, तिकीट फाडणारीही बाईच.

याचं मोल कळायला कराचीची जुनी मिनीबस आठवावी. पुढच्या दाराशी, ड्रायव्हरच्या अंगाला लागून मोजक्या जागांचा ‘लेडीज पोर्शन’, मागे लोखंडी जाळी. मागचा भाग भरला की पुरुष पुढच्या दारानेच चढतात आणि जाळीला अर्थ उरत नाही. घरचे ‘नोकरी नको’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बऱ्याचदा हे दार असतं. लाहोरात यावर प्रयोगच झाला. नोकरीच्या जाहिरातीसोबत फक्त बायकांसाठीच्या गाडीची सोय देऊ केली, तर बायकांचे अर्ज दुपटीहून वाढले. स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच गाडी दिली, तर फारसा फरक पडला नाही.

आता दुखणं. गर्दीत एका बाजूला सव्वा तास आणि दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं धरा. पूर्ण फेरी 160 मिनिटांची झाली. वीस-वीस मिनिटांनी गाडी सोडायची तर आठ बस लागतात, आणि होत्याही आठच. म्हणजे राखीव शून्य. एक गाडी वर्कशॉपला गेली की थांब्यावरची बाई चाळीस मिनिटं उभी. त्यात शाहरा-ए-फैसल तुंबला की मागची गाडी पुढचीला गाठते, दोन्ही एकामागोमाग येतात आणि नंतर बराच वेळ काही येत नाही. दुपारची स्थिती आणखी वाईट. कॉलेजचे तास ऑफिसच्या वेळा पाळत नाहीत, तासाला एक बस असेल तर विद्यार्थिनी शेवटी रिक्षाच करते.

चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल 1992 पासून धावतेय, तेव्हा आपल्याकडच्या वाचकाला कल्पना नवी नाही. पण मुंबईत ती चुकली तर पाठोपाठच्या लोकलला लेडीज डबा असतो. कराचीत पिंक बस चुकली की बऱ्याचदा पुन्हा ती जाळीवाली मिनीबस. लाहोरनेही 2012 मध्ये पिंक बस काढली होती. मोजक्या गाड्यांवर चालवली, पुढे बंद पडली. मोजक्या गाड्यांचं हेच होतं: वाट बघावी लागते म्हणून बायका येत नाहीत, मग रिकाम्या सीट दाखवून ‘मागणीच नाही’ म्हणायला सगळे मोकळे.

त्याच फेब्रुवारीत आणखी मार्ग जोडले, त्यांतला नॉर्थ कराचीहून कोरंगीकडे जाणारा महत्त्वाचा. कोरंगीत कारखाने आहेत आणि शिलाईकामाला बायका जातात. मात्र घर ते थांबा हे अंतर कुठलीच बस सोडवत नाही. दोन्हीकडे रिक्षा करावी लागली तर तिकिटाची स्वस्ताई तिथेच संपते. रात्रपाळीच्या नर्सला आणि कॉल सेंटरवालीला ऑफिसची व्हॅनच बरी.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण बायका कंडक्टर नेमल्याबद्दल, नाहीतर तीनच.

टॉवरला नऊची हजेरी असेल तर मॉडेल कॉलनीहून सव्वासातच्या आतली गाडी धरा, म्हणजे एखादी फेरी गळाली तरी पुढची जेमतेम वेळेत पोचवेल. पर्समध्ये सुटे पैसे आणि परतीच्या रिक्षापुरती रक्कम वेगळी ठेवा. संध्याकाळी टॉवरलाच चढा, पुढच्या थांब्यांपर्यंत सीट उरेलच असं नाही.