‘मोफत दत्तक’ हॅम्स्टरच्या नावाखाली १२,०८० रुपयांची फसवणूक

हॅम्स्टर (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) ‘मोफत दत्तक’ देणे आहे, अशी जाहिरात करणाऱ्या एका माणसाने माझ्याकडून टप्प्याटप्प्याने १२,०८० रुपये उकळले आणि त्याने पाठवलेले आजारी पिल्लू आमच्या घरी आठवडाभरही जगले नाही. त्यानंतर मी ज्यांच्या ज्यांच्या दारात गेले त्या सगळ्यांनी, एवढ्याशा प्राण्यासाठी ही बाई कशाला आली आहे, अशाच नजरेने माझ्याकडे पाहिले. ही गोष्ट चारचौघांत सांगण्याची मला लाज वाटते. तरीही लिहिते आहे, कारण ती जाहिरात वेगळ्या नावाने पुन्हा दिसू लागली आहे आणि मुलांच्या हट्टापायी पुण्या-मुंबईतल्या आणखी काही घरांतून त्या माणसाला पैसे जाणार आहेत.

अशा व्यवहारांची पद्धत सर्वांना ठाऊक असते: वस्तू फुकट, फक्त वरखर्च द्यायचा. मलाही ती ठाऊक होती. पण या माणसाने पहिली रक्कम मागण्याआधी मलाच प्रश्न विचारले. घरात मांजर आहे का, मूल किती वर्षांचे आहे, दिवसा घरी कोण असते, पिंजरा उन्हात तर ठेवणार नाही ना? प्राण्यांसाठी खरोखर काम करणारी माणसे दत्तक देताना हेच विचारतात, त्यामुळे माझा विश्वास बसला आणि त्यात माझे काही चुकले असे मला अजूनही वाटत नाही. आपण कुटुंबासह परदेशी चाललो आहोत, एक वर्षाचा सीरियन जातीचा हॅम्स्टर चांगल्या घरी जावा एवढीच इच्छा आहे, असे त्याने सांगितले. मग ठाण्याहून पुण्याला पाठवण्याचे १,१५० रुपये झाले, आरोग्य प्रमाणपत्राचे ७५० झाले, पिंजरा आणि साहित्याचे ३,८०० झाले. शेवटी, लोक दत्तक घेतलेला प्राणी पुढे विकतात म्हणून ३,००० रुपये अनामत ठेवावी लागेल आणि महिन्याभराने प्राण्याचे फोटो पाठवले की ती परत मिळेल, असे त्याने सांगितले. हे ऐकून मला उलट बरे वाटले होते. परत मिळणारी अनामत कोणी खासगी खात्यावर मागितली, तर तिथेच बोलणे थांबवा.

जी गोष्ट आठवली की आजही झोप उडते, ती या सगळ्या रकमांच्या आधी घडली होती. मी मागितल्यावर त्याने हॅम्स्टरचा एक छोटा व्हिडिओ पाठवला. पुढे काचेच्या पेटीत सोनेरी-तपकिरी पिल्लू तोंड धूत बसले होते आणि मागे, चित्राच्या वरच्या कोपऱ्यात, एकावर एक रचलेले निळ्या तळाचे सारखे पिंजरे दिसत होते. आवाज वाढवला तर एकाच वेळी कितीतरी चाके फिरल्याची खरखर ऐकू येत होती. परदेशी निघालेल्या कुटुंबाच्या घरात पिंजऱ्यांची रास कशाला असेल? मी तसे विचारलेसुद्धा. ‘ताई, सामान बांधायला काढलंय ना, म्हणून त्याला मित्राकडे ठेवलंय, तो प्राणी सांभाळायला घेतो,’ असे उत्तर आले आणि मी ते मानले. तिथे मी थांबले असते तर पुढचे काहीच घडले नसते. पण शेजारी माझी नऊ वर्षांची मुलगी पिल्लाचे नाव ठरवत बसली होती, आणि त्या क्षणी शंका घेणे म्हणजे तिच्या हातातून ते पिल्लू काढून घेण्यासारखे होते. समोरच्या माणसाला घरातली ही परिस्थिती नेमकी माहीत असते, म्हणूनच तो लहान मूल असलेल्या घरांना गाठतो. पाठवलेला व्हिडिओ पाहू नका, त्याच क्षणी व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि प्राणी असलेली सबंध खोली फिरवून दाखवायला लावा.

हॅम्स्टर पहाटेच्या खासगी बसने आला, तो बुटांच्या खोक्यात. आत ओला वर्तमानपत्राचा कागद होता आणि काकडीची एक फोड. त्याच्या शेपटीभोवतीचे केस ओले आणि चिकट झाले होते आणि त्यांना घाण वास येत होता. फोनवर विचारले तर ‘काकडीचं पाणी लागलंय, कोमट पाण्याने आंघोळ घाला’ असे उत्तर मिळाले. तेवढे मात्र आम्ही केले नाही. हॅम्स्टरला कधीही पाण्याने आंघोळ घालायची नसते, तो गारठतो आणि धास्तावतो. त्याला अंग साफ करण्यासाठी कोरडी वाळू लागते. घरातल्या वजनकाट्यावर ठेवले तर त्याचे वजन ३६ ग्रॅम भरले. पूर्ण वाढलेला सीरियन हॅम्स्टर शंभर ग्रॅमच्या वर असतो. म्हणजे एक वर्षाचा म्हणून पाठवलेला हा जीव आईचे दूध नुकतेच सुटलेले पिल्लू होता.

३,८०० रुपयांच्या साहित्यात जे आले त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू हॅम्स्टरला अपाय करणारी होती, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळले. पिंजरा जेमतेम ताटाएवढा होता. वास्तविक त्याला किमान एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद जागा हवी. तारेच्या उघड्या गजांच्या छोट्या चाकात पाय अडकून मोडतो आणि पाठ वाकते. सीरियन हॅम्स्टरला सलग पृष्ठभागाचे, साधारण २८ सेंटिमीटर व्यासाचे चाक लागते. घरट्यासाठी म्हणून दिलेल्या कापसाचे तंतू पायांना गुंडाळले जातात, पोटात गेले तर आतडे अडते. त्याऐवजी टॉयलेट पेपरचे बिनवासाचे तुकडे पुरतात. वखारीतून आणलेल्या भुशाला इतका उग्र वास होता की आम्हालाच शिंका येत होत्या. बाजारात काही शे रुपयांत मिळणाऱ्या प्राण्यासोबत हा कचरा खपवणे हाच त्या माणसाचा खरा धंदा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

दुसऱ्या दिवशी पिल्लाने खाणे सोडले आणि ते पाठ कुबड काढल्यासारखी करून कोपऱ्यात बसून राहिले. या आजाराला वेट टेल (ओली शेपटी, म्हणजे तीव्र जुलाब) म्हणतात. दूध सुटल्यानंतरच्या काही आठवड्यांत, प्रवासाचा आणि जागा बदलल्याचा ताण आला की तो उफाळतो, आणि दोन-तीन दिवसांत जीव घेऊ शकतो. शेपटी ओली दिसली की वाट पाहू नका, त्याच दिवशी लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जा. शरीरात पाणी टिकवणे हीच पहिली गरज असते. मी आधी विक्रेत्याला फोन केला, कारण प्रमाणपत्रावर त्याच्याच डॉक्टरचे नाव होते. ‘डॉक्टर ऑनलाइन बघतील’ म्हणून १,४८० रुपये घेतले गेले आणि कोणीतरी निरोपातून लहान मुलांच्या अमॉक्सिसिलिन सिरपचे नाव पाठवले. आम्ही ते थेंब दिले. पेनिसिलिन गटातली ही औषधे तोंडावाटे दिली की हॅम्स्टरच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि त्या विषाने प्राणी दगावतो, हे सर्वसाधारण माणसाला कसे ठाऊक असावे? कोथरूडमधल्या ज्या डॉक्टरांकडे आम्ही अखेर पोहोचलो त्यांनी बाटली पाहिली आणि काही क्षण त्या बोलल्याच नाहीत. त्यांनी कातडीखाली सलाइन दिले, १,२६० रुपये घेतले, आणि खोटी आशा दाखवली नाही. पिल्लू त्याच रात्री गेले.

यानंतरही मी १,९०० रुपये दिले, आणि हे सांगताना मान खाली जाते. ‘एकटा होता म्हणून झुरला, आता जोडी पाठवतो, त्यातच अनामतही वळती करतो,’ असे तो म्हणाला. मुलीचे रडणे थांबत नव्हते, आणि ३,००० रुपये परत मिळवण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नव्हता. सीरियन हॅम्स्टर मोठा झाला की एकटाच राहतो. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवले तर ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात, प्रसंगी मारतात. जोडी घ्या असे सांगणारा माणूस एकतर अडाणी असतो किंवा लबाड. पैसे पोहोचले त्याच संध्याकाळी त्याने माझा क्रमांक ब्लॉक केला.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी ‘मॅडम, उंदरासाठी गुन्हा नोंदवायचा का?’ असे विचारले आणि शेजारचे दोघे हसले. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे. फसवणूक उंदराच्या नावाने झाली की हॅम्स्टरच्या, याने त्यात काय फरक पडतो, याचे उत्तर कोणी दिले नाही. अर्ज ठेवून घेतला, पोच देण्यासाठी ताटकळत ठेवले आणि ‘सायबरला जा’ म्हणून सांगितले. सायबर विभागात, वस्तू तर मिळाली ना, मग हा ग्राहक वाद आहे, असे ऐकवण्यात आले. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही हे खरे, पण तिथे समोरच्याचे नाव आणि पत्ता लागतो. तो पत्ता ज्यांच्याकडे आहे ती बँक म्हणते की पोलिसांचे पत्र आणा, आणि पोलीस म्हणतात सायबरला जा. पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवले आहेत, असे बँकेतल्या अधिकाऱ्यांनी मला इतक्या वेळा बजावले की जणू गुन्हा मीच केला होता. फसवून पिन टाकायला लावणे हीच तर फसवणूक आहे!

प्राण्यांच्या छळाची तक्रार घेऊन गेले तेव्हा सर्वांत जास्त संताप झाला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. साठहून अधिक वर्षांत ही ५० रुपयांची कमाल मर्यादा वाढलेली नाही. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकानविषयक नियमांत हॅम्स्टरचा नावानिशी उल्लेख आहे आणि विक्रेत्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. पण ‘दत्तक’ म्हटले की ती विक्रीच नाही, असे सांगून संबंधित कार्यालयाने हात झटकले. १२,०८० रुपये घेतल्यावर ती विक्री होत नाही तर काय होते? तुम्ही पैसे देण्यापूर्वी नोंदणी क्रमांक मागा. देणारा माणूस विक्रेता नसेल तर त्याला पैशांची गरज नाही, आणि विक्रेता असेल तर त्याच्याकडे क्रमांक असलाच पाहिजे.

पैसे गेल्याचे लक्षात येताच, पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधीच गोठवता येते; मला हे कोणी वेळेवर सांगितले नाही. प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, बसची पावती, प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचा कागद जपून ठेवा. प्राणी दगावला तर डॉक्टरांकडून कारण लिहून घ्या. मी ते घेतले म्हणून माझ्या अर्जात निदान एक भक्कम कागद आहे. ठाण्याहून बसने हॅम्स्टर पाठवणाऱ्या अशाच माणसाला ज्यांनी अनामत दिली असेल त्यांनी रक्कम कितीही लहान असली तरी आपापल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. खाते एकच निघाले तर सगळ्या रकमांची बेरीज होईल, आणि तेव्हा तरी हा उंदराचा विषय म्हणून कोणाला हसता येणार नाही.