नॉर्दर्न लाइट्स ऑटो: ओंटारिओतल्या परसबागेतला आठ महिन्यांचा अनुभव

नॉर्दर्न लाइट्स ऑटो ही गांजाची एक जात, तिचं बी टाकलं 20 मेला, आज जानेवारी संपत आलाय आणि शेवटची बरणी अर्धी आहे, म्हणजे आता बोलायला हरकत नाही. आधीच सांगतो, मी कॅनडात ओंटारिओमध्ये राहतो, इथे 17 ऑक्टोबर 2018 पासून घरी गांजा लावणं कायदेशीर आहे, वय 19 किंवा त्याहून जास्त असेल तर एका घरात चार झाडं लावता येतात (भाड्याचं घर किंवा कॉन्डो, म्हणजे सोसायटीतला फ्लॅट, असेल तर करार आधी वाचा). भारतातून वाचणाऱ्यांनी कृपया कुंडीत एक लावून बघू म्हणून पण करू नका, अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात लागवडीला 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

ही जात का घेतली ते सांगायला आदल्या वर्षीचं सांगावं लागेल. तेव्हा साधी, म्हणजे दिवस लहान झाल्यावर फुलणारी जात लावली होती. झाड सहा फूट झालं, इतकं सुंदर की रोज ऑफिसवरून आलो की आधी मागच्या दारी जायचो, पण फुलायला लागलं ऑगस्टच्या मध्यावर आणि तयार व्हायच्या आत सप्टेंबरचा पाऊस आणि पहाटेचं दव सुरू झालं. एक दिवस सगळ्यात जाड बडमधून (म्हणजे फुलोऱ्याच्या गाठीतून) एक करपलेलं पान दिसलं, हलकंच ओढलं तर लगेच हातात आलं, बड फोडून बघितलं तर आत राखाडी बुरशी, कापसासारखी. तीन दिवसांत अर्ध्याच्या वर झाड गेलं. फार जिव्हारी लागलं ते. जास्त जाड, घट्ट फुलोरा असला की आत ओल अडकते आणि बाहेरून कळतच नाही, म्हणून इथे ओंटारिओत बाहेर लावायचं तर उत्पन्न नंतर, आधी झाड कधी तयार होतं ते बघायचं, हे माझं ठाम मत झालंय.

ऑटोमध्ये, म्हणजे आपोआप फुलणाऱ्या जातीत, रुडेरालिस या गांजाच्या रानटी प्रकाराचं रक्त असतं त्यामुळे ते दिवसाच्या लांबीकडे बघत नाही, वयावर फुलतं. नॉर्दर्न लाइट्स मूळ अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली, अफगाणी वळणाची, 1980 च्या दशकात हॉलंडला जाऊन नावारूपाला आली. मी फेमिनाइज्ड, म्हणजे मादी झाडंच देणारं बी घेतलं, दोन लावली. ओल्या टिश्यूत तिसऱ्या दिवशी मोड आले, मग थेट 19 लिटरच्या कापडी कुंडीत, कारण ऑटोला मुळं हलवलेली चालत नाहीत, तेवढ्यात त्याचे आठ-दहा दिवस वाया जातात आणि त्याच्याकडे दिवसच कमी असतात. माती, परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे) आणि चांगलं तीन मुठी गांडूळखत, बस. शेंडा खुडला नाही. पाचव्या आठवड्यात फुलोरा, उंची जेमतेम अडीच फूट. मावा पडला होता थोडा, पाण्याच्या फवाऱ्याने धुतला, फुलोऱ्यावर कडुनिंबाचं तेल मारू नका, वास आणि चव दोन्ही जातं.

आई तेव्हा साताऱ्याहून आली होती. तिने बघितल्या बघितल्या ओळखलं, म्हणाली "अरे ही तर भांग", आणि मी काय समजावतोय ते ऐकत ऐकतच टोमॅटोला बांधतो तशी सुतळीने फांद्या बांधून दिल्या. त्या बांधणीमुळे जुलैच्या वादळात एकही फांदी मोडली नाही.

वास कमी येतो म्हणतात या जातीचा. शेवटचे दोन आठवडे संध्याकाळी कुंपणापलीकडे जातोच, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

8 ऑगस्टला, म्हणजे 80 व्या दिवशी काढलं. भिंगातून बघितलं तर राळेचे बारीक दाणे बहुतेक दुधाळ, थोडे मधाच्या रंगाचे. बेसमेंटमध्ये अंधारात उलटं टांगून दहा दिवस, बारीक काडी वाकताना कट्कन मोडली तेव्हाच काचेच्या बरणीत, आणि पहिले दोन आठवडे रोज झाकण उघडून हवा. एका झाडाचं 46 ग्रॅम, दुसऱ्याचं 38, सुकं. बुरशी शून्य.

आता चव. पंधराव्या दिवशी चाखलं तेव्हा गवताचा वास होता, निराशा झाली. नोव्हेंबरमध्ये तीच बरणी उघडली तर ओली माती, मिरी आणि मागे जायफळासारखं गोडसर काहीतरी. एवढा फरक फक्त थांबल्याने पडतो, म्हणून कृपया दोन महिने तरी बरणी राहू द्या. व्हेपोरायझरवर, म्हणजे न जाळता वाफ काढणाऱ्या यंत्रावर, 185 अंश सेल्सिअसला घेतो, एक झुरका आणि मग पंधरा मिनिटं थांबतो. अंग आधी सैल पडतं, खांदे उतरतात, डोकं बऱ्यापैकी स्वच्छ राहतं, मग तासाभराने जड झोप. दिवसाढवळ्या किंवा चारचौघांत गप्पा मारायला ही जात नाही. त्या रात्री गाडी चालवत नाही, आणि बरणी कुलुपात, घरात पोरगी लहान आहे.

तक्रार एकच, दुसऱ्या झाडाला दुपारनंतर गॅरेजची सावली यायची, तिथे बड्स भुसभुशीत राहिले. ऑटोला सावली भरून काढायला वेळच मिळत नाही. दोन बिया फ्रीजमध्ये आहेत, यंदा दोन्ही कुंड्या दक्षिणेच्या भिंतीला, आणि एक जूनच्या मध्यावर टाकणार, सप्टेंबरच्या दवात ही टिकते का ते बघायचंय.