गावाला जाताना कुंड्यांना पाणी: नळावरचं ठिबक की पिंपातला पंप?

मे महिन्यात दहा दिवस कोकणात जायचंय आणि बाल्कनीत वीस कुंड्या आहेत. मुंबईच्या फ्लॅटमध्ये ठिबक बसवायचं तर ड्रिपर (कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणारं तोंड) निवडण्याआधी पाणी कुठून घ्यायचं ते ठरवा. बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

नळावरच्या ठिबकात आधी टायमर, मग जाळीचा फिल्टर, पुढे 16 मिमीची लॅटरल, म्हणजे कुंड्यांच्या रांगेने जाणारी जाड नळी, आणि तिच्यातून प्रत्येक कुंडीत 4 मिमीची बारीक नळी. पाणी भरायची कटकट नाही. गच्चीवर पन्नास-साठ कुंड्या असतील तर दुसरा विचारच करू नका. फक्त दाब बघा. सोसायटीच्या टाकीपासून 10 मीटर खाली गेलं की साधारण 1 बार दाब मिळतो. म्हणजे सात माळ्यांच्या इमारतीत दुसऱ्या माळ्यावर सगळं सुरळीत चालतं. सातव्यावर, टाकीच्या अगदी खाली, अर्धा बारही मिळत नाही आणि कमी दाबावर काही ड्रिपर नीट चालतच नाहीत. अशा ठिकाणी बॉल व्हॉल्व्हचा टायमर आणि साधे, फिरवून कमी-जास्त करता येणारे ड्रिपर घ्या. इमारतीत ठरावीक वेळीच पाणी सोडत असतील, तर टायमरची वेळही तीच हवी.

मला नळाची भीती वेगळ्याच कारणाने वाटते. उन्हाने नळी मऊ पडून आमचा एक जोड निसटला होता. आम्ही घरी होतो म्हणून वाचलो, तरी खालच्यांचं वाळत घातलेलं सगळं भिजलं. घर बंद असतं तर पाणी वाहतच राहिलं असतं.

म्हणून बाल्कनीसाठी माझं मत पिंपातल्या पंपाला. टायमरवर चालणारा छोटा पंप पिंपातलं पाणी कुंड्यांना देतो. काही बिघडलंच तर जास्तीत जास्त पिंपभर पाणी जातं. हिशेब सोपा आहे: तासाला 2 लिटरचा ड्रिपर पंधरा मिनिटं चालला की अर्धा लिटर. वीस कुंड्यांना रोज 10 लिटर, दहा दिवसांना 100. एवढं पिंप म्हणजे शंभर किलो, ते भिंतीलगत ठेवा. कुंड्या सावलीत ओढून वर सुका पाला पसरलात तर निम्म्यातही भागतं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. पिंपातल्या पाण्याची पातळी ड्रिपरपेक्षा उंच असेल, तर पंप थांबल्यावरही पाणी आपोआप ओढलं जातं आणि पहिल्याच दिवशी पिंप रिकामं होतं. पिंप कुंड्यांपेक्षा खाली ठेवा. त्यावर घट्ट झाकण हवंच. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

तीन-चार कुंड्याच असतील तर बाटली आणि नायलॉनची वात पुरते. पुदिना, मनीप्लँट खूश राहतात. अडेनियम आणि निवडुंगाला यातलं काहीच लावू नका.

निघण्याच्या आठवडाभर आधी सगळं चालू करा. एकेका ड्रिपरखाली पंधरा मिनिटं बाटली धरा आणि अर्धा लिटर भरतंय का बघा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर क्षाराने तोंडं आधी बुजतात, तिथे हे दोनदा करा.