यूआरएल पार्स करायला लायब्ररी, की अंगचाच क्लास?

जावास्क्रिप्टमध्ये यूआरएल (वेबपत्ता) पार्स करायला, म्हणजे त्याचे भाग सुटे करायला, दोनेक वर्षं मी एक चिमुकली लायब्ररी वापरत होतो. आता ब्राउझर आणि नोडमधलाच (नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) यूआरएल क्लास वापरतो. दोन्हींनी काम भागतं, तेव्हा हे माझ्यापुरतं मत समजा.

लायब्ररीचं सुख तिच्या ऑब्जेक्टमध्ये आहे. पत्त्याची स्ट्रिंग द्यायची की होस्ट, पाथ, क्वेरी (प्रश्नचिन्हानंतरचा भाग) सगळं समोर. क्लासच्या प्रॉपर्टीज मात्र प्रोटोटाइपवरचे गेटर असतात, म्हणजे ऑब्जेक्टच्या स्वतःच्या नसतात. त्यामुळे स्प्रेड केलं (तीन टिंबांनी कॉपी केली) की रिकामा ऑब्जेक्ट हाती येतो आणि जेसन (मजकूर-स्वरूप) केलं की पुन्हा तीच स्ट्रिंग. त्यात ‘/यादी?पान=२’ असा अर्धा पत्ता दिला की थेट टाइपएरर, कारण बेस, म्हणजे पत्त्याचा पुढचा साइटचा भाग, द्यावाच लागतो. मी खोटा बेस चिकटवून वेळ मारून नेतो. ओंगळ दिसतं, कबूल.

तरी लायब्ररी सुटली ती एका फिल्टरमुळे. दोन चेकबॉक्स टिक केले की पत्त्यात ‘रंग=लाल&रंग=निळा’ यायचं आणि यादीत फक्त लाल वस्तू दिसायच्या. ना एरर, ना वॉर्निंग. संध्याकाळभर मी सर्व्हरचा कोड उपसत बसलो, डेटाबेसवर संशय घेतला. शेवटी कळलं, तीच ‘की’ (key, म्हणजे ‘रंग’ हे नाव) दुसऱ्यांदा आली तर लायब्ररीचा पार्सर तिला मुकाट्याने गाळतोय. साध्या ऑब्जेक्टमध्ये एका कीला एकच जागा. दोन व्हॅल्यू आल्या तर काय करायचं हे प्रत्येक लायब्ररीने आपापलं ठरवलेलं. कुणी पहिली ठेवतं, कुणी शेवटची. कुणी दोन आल्या तर ॲरे देतं आणि एक आली तर स्ट्रिंग, म्हणजे तपासणी परत आपल्याच गळ्यात.

यूआरएल क्लाससोबत येणाऱ्या, क्वेरी हाताळणाऱ्या यूआरएल-सर्चपॅरॅम्समध्ये एक व्हॅल्यू देणारं गेट वेगळं, सगळ्या देणारं गेटऑल वेगळं. गेटऑल कायम ॲरेच देतं, काही नसलं तर रिकामा. (तेच साधा ऑब्जेक्ट बनवणाऱ्या फ्रॉमएंट्रीजमध्ये ओतलं तर शेवटची व्हॅल्यूच उरते. तेही करून झालंय.)

तुमच्या क्वेरीत ‘फिल्टर[रंग]=लाल’ असं नेस्टिंग (एकात एक नावं) असेल तर मात्र क्वेरीसाठीची लायब्ररीच घ्या; सर्चपॅरॅम्सला ‘फिल्टर[रंग]’ ही अख्खी एकच ‘की’ वाटते. इंटरनेट एक्सप्लोरर अजून गळ्यात असेल तरी लायब्ररीच, किंवा पॉलिफिल (जुन्या ब्राउझरमध्ये नसलेली सोय भरून काढणारा कोड). नोड १० पासून क्लास ग्लोबल आहे, इम्पोर्टही नको.

ऑब्जेक्टची हौस मी चार ओळींच्या फंक्शनवर भागवतो. त्यात रंगासाठी गेटऑल, बाकी सगळ्याला गेट.