बेअर्स: झोपेच्या पाच प्रश्नांचा कागद, वापरून पाहिल्यावर

मी बालमानसोपचाराच्या ओपीडीत समुपदेशक आहे. पहिल्या भेटीत शाळा, चिडचिड, अभ्यास, घरातली भांडणं या सगळ्यातून वेळ उरला तर झोपेचा विषय निघतो. "झोप कशी आहे?" "ठीक आहे." झालं, केसपेपरवर बरोबरची खूण! या खुणेला कंटाळून मी 'बेअर्स' वापरायला घेतली.

ज्युडिथ ओवेन्स आणि डॅल्झेल यांनी २००५ साली मांडलेली ही छोटी चाचणी. झोपायला जातानाचा त्रास, दिवसा येणारी पेंग, रात्रीची जाग, झोपेच्या वेळा व तास, आणि घोरणं, असे पाच विषय. २ ते ५, ६ ते १२ आणि १३ ते १८ या वयांसाठी प्रश्न वेगळे. चहा गार व्हायच्या आत विचारून होतात.

सगळ्यात कामाचा निघाला तो घोरण्याचा प्रश्न. 'लक्ष लागत नाही, एका जागी बसत नाही' म्हणून आणलेल्या मुलाची आई कौतुकाने सांगते, "घोरतो ना, अगदी गाढ झोपतो!" मग पुढचं विचारायचं: तोंड उघडं असतं का, मान मागे टाकून झोपतो का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय का. झोप मोडलेलं मूल पेंगतंच असं नाही. पुष्कळदा ते जास्तच उड्या मारतं. अशा मुलाला एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न लागण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं, लेबल लावण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवावं. दोन्ही एकत्रही असू शकतं, हेही पालकांना तेव्हाच सांगितलेलं बरं.

तेरा वर्षांपुढच्या मुलांत मात्र ही चाचणी तोकडी पडते. वडील म्हणतात, "अकराला दिवे बंद." त्यांना बाहेर बसवलं की मुलगी म्हणते, "दोनपर्यंत जागीच असते." या वयात शरीराचं घड्याळच तास-दोन तास मागे पडतं, म्हणजे झोपच उशिरा येते, तेव्हा ही जाग त्याची, मोबाईलची, परीक्षेच्या धास्तीची की नैराश्याची, हे या पाच प्रश्नांतून कळत नाही. म्हणून मी जोडीला विचारते, सुट्टीत मनासारखं झोपू दिलं तर काय होतं? दोनला झोपून अकराला ताजी उठत असेल तर घड्याळाचा संशय. सुट्टीतही तळमळत असेल तर मनाकडे बघायचं. आणि जागेपणी कसले विचार येतात, जगणं नकोसं वाटतं का, हे थेट विचारायचं. झोप उडणं आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध अभ्यासांत वारंवार दिसला आहे. छापील कागदात मात्र हा प्रश्न नाही, आणि माझ्या मते हीच त्याची मोठी उणीव.

औषधांचंही तसंच. एडीएचडीची उत्तेजक गोळी दुपारी उशिरा घेतली तर रात्र लांबते. पाय शिवशिवतात म्हणून पडवत नसेल तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा, बघावं लागतं. हे आपलं आपण लक्षात ठेवायचं.

मोठी प्रश्नावली हवी तर सीएसएचक्यू, म्हणजे मुलांच्या झोपेच्या सवयींची प्रश्नावली, आहे. ती ४ ते १० वयासाठी, पालकांनी भरायची, ४१ च्या वर गुण गेले की नीट चौकशी. किशोरांना तिचा उपयोग नाही. मनगटी घड्याळांचे आलेख पालक हौसेने दाखवतात, पण निपचित पडून जागं असलेलं मूल त्यांना झोपलेलंच वाटतं. त्यापेक्षा मुलाने स्वतः भरलेली दोन आठवड्यांची झोपेची डायरी मला जास्त सांगते. एका बैठकीत सगळी भरलेली डायरी शाईवरून ओळखू येते, ती गोष्ट वेगळी.

लहान मुलांसाठी बेअर्सला पाचपैकी साडेचार, किशोरांसाठी तीन. कागद पालकांच्या हातात भरायला देऊ नका, तोंडी विचारा. 'नाही' म्हणण्याआधी ते एकमेकांकडे बघतात का, ते कागदावर उमटत नाही.