पोलीस भरती अकॅडमी: ग्राउंड चांगलं, पण खरा तास शनिवारचा

पोलीस शिपाई आणि कारागृह शिपाई असे दोन्ही फॉर्म भरले होते, म्हणून तालुक्याच्या अकॅडमीत निवासी बॅच केली. ग्राउंड चांगलं घेतात. ८०० मीटर, १०० मीटर, गोळा. सर प्रत्येकीचं टायमिंग रोज वहीत टिपतात आणि कुठे कमी पडतेस ते तोंडावर सांगतात. फक्त मुलींसाठी ४ किलोचा गोळा एकच आहे, त्यामुळे निम्मा वेळ रांगेत जातो. फी मुलांएवढीच घेता, तर गोळे वाढवा.

लेखीचं गणित, व्याकरण उत्तम. सामान्य ज्ञानाच्या छापील नोट्स मात्र बदलायलाच हव्यात. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी नोट्समध्ये खुनाला अजून ३०२च. आता ते कलम १०३ आहे.

मी अकॅडमी सुचवते ती शनिवारच्या तासासाठी. एक निवृत्त तुरुंगाधिकारी येतात. शिपाई भरतीच्या लेखीत कायद्याचा पेपर नसतो, तरी ते कायदा शिकवतात. एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं: चोरी, कलम ३०३, अटकेची तारीख, आधी कधीही शिक्षा नाही. हा कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच आत असलेला, कधी सुटू शकतो? वर्गात कुणालाच सांगता येईना. मग त्यांनी मोजून दाखवलं. चोरीला जास्तीत जास्त ३ वर्षं, त्याचा एक तृतीयांश म्हणजे १ वर्ष. तेवढं आत काढलं आणि दुसरा खटला चालू नसला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, जामीन, खटला कसा चालवायचा याचा कायदा) कलम ४७९ प्रमाणे त्याला बंधपत्रावर सोडायचं, आणि त्यासाठी कोर्टाला अर्ज कारागृह अधीक्षकांनी करायचा. "त्याच्या घरचं कुणी तारीख मोजत नसतं. रजिस्टर तुमच्या हातात असणार आहे, पोरींनो," सर म्हणाले. देशातल्या तुरुंगांत चारातले साधारण तीन कैदी असे कच्चेच असतात, हेही मला तिथेच कळलं. तोवर मला कारागृह शिपाई म्हणजे नुसता पहारा वाटायचा. आता पहिली पसंती तीच.

हा तास फक्त निवासी बॅचला आहे. गावावरून एसटीने येऊन-जाऊन करणाऱ्या मुलींनाही बसू द्या. वेगळी फी लावली तरी त्या येतील.